शेवटची मोकळी ओळ

मामा,

काल नगरपालिकेच्या जिन्यात तुझ्या फलकापुढे एक साहेब थांबले. "स्वातंत्र्यसैनिकांची यादी काय सुरेख रंगवलीय!" म्हणाले. माझं डोकंच फिरलं. रंगवणाऱ्याचं नाव त्यात का नाही, हे कुणी विचारत नाही.

तू पाट्या रंगवणारा. दिवसा किराणा, औषधं, शिवणकाम. पहाटे भिंतींवर 'चालते व्हा!' बेचाळीस साली तुझ्या लाल बावट्याच्या पक्षाने फर्मावलं, युद्ध संपेपर्यंत सरकारला अडवायचं नाही. "कामगारांचं राज्य हवंच, पण आधी घर तर आपलं होऊ दे," असं म्हणत तू लिहीतच राहिलास. पक्षाने तुला काढून टाकलं.

आई काकुळतीला यायची. "अरे, निदान डाव्या हाताने लिही, वेडंवाकडं!"

"ताई, मागणी एवढी मोठी, आणि असल्या गचाळ अक्षरात?"

फौजदाराला काही शोधावंच लागलं नाही. त्याने औषधाच्या दुकानाची पाटी वाचली, समोरची भिंत वाचली आणि तुला शिडीवरून उतरवलं. अडीच वर्षं तुरुंग!

स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी समितीने यादी केली. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही लाल. तुमचा पक्ष तेव्हा सरकारच्या बाजूने होता."

"म्हणूनच तर पक्षाने मला हाकललं."

"मग तसं त्यांच्याकडून लेखी आणा."

पक्षाचे चिटणीस म्हणाले, "शिस्त मोडणाऱ्याला आम्ही दाखले देत नाही." जन्मभर एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोघांचं एकमत झालं ते तुला वगळण्यावर! वर फलक रंगवायला बोलावलं तेही तुलाच. आणि तू गेलास! आठवडाभर मी तुझ्याशी बोलले नाही.

"अगं कॉलेजवाली, दुसऱ्या कुणी त्या बिचाऱ्यांची नावं बिघडवली असती," म्हणालास. मग हळूच, "खाली एक ओळ आखून ठेवलीय. मोकळी."

"मग लिही की तुझं नाव!"

"स्वतःचं स्वतः? शोभतं का? तू लिही, मी शिडी धरतो. फक्त दोन नंबरचा ब्रश आण. माझ्या ब्रशांना टक्कल पडलंय."

पेपर तपासून झाले की आणते, म्हटलं मी. गठ्ठा संपायच्या आत तू गेलास. ब्रशचं दुकान माझ्या कॉलेजच्या वाटेवरच होतं, मामा. रोज दोनदा त्याच्यासमोरून जात होते.