थेंबमास्तरांनी बसवलेला ब्रेक

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे थेंबमास्तर म्हणायचे, आणि त्यांना त्याचा भारी अभिमान होता. मशीन कुरकुरो, अडखळो, दोरा तोडो, मास्तर खिशातून लांब नळीची तेलाची डबी काढणार, "एकच थेंब!" म्हणणार, आणि मशीन गप्प. पुढे पुढे तर त्यांना वाटायला लागलं की जगातल्या सगळ्या दुखण्यांवरचा इलाज आपल्या खिशात आहे. दाराच्या बिजागऱ्या, पंखा, शेजाऱ्यांचा पाळणा, सगळ्यांना त्यांनी तेल पाजलं. एकदा भिंतीवरच्या घड्याळालाही पाजलं. ते तेव्हापासून बंद आहे. पण आवाज करत नाही, हे मास्तर आवर्जून सांगायचे.

त्यांच्या मुलीने स्वतःच्या पगारातून एक जुनी मोटरसायकल घेतली होती. घरापुढची गल्ली संपली की मोठा उतार लागायचा, आणि त्या उतारावरून ती रोज कामाला जायची. एक दिवस पुढचा ब्रेक किंचाळायला लागला.

"गॅरेजात टाकते," ती म्हणाली.

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. पोरगी मोठी झाल्यापासून तिचं बापावाचून काही अडत नव्हतं. सायकलची चेन बसवून द्या म्हणून मागे लागणारी हीच का ती? "घरात मेकॅनिक असताना गॅरेज कशाला?"

"अहो बाबा, तुम्ही शिलाई मशीनचे."

"चाक त्यालाही असतंच की!"

ती हसली, पण किल्ली दिली. "नीट करा हं. मला सोमवारी उतारावरून जायचंय." मास्तर एवढे फुगले की दुपारची झोपसुद्धा विसरले.

रविवारी मुलगी आत झोपलेली असताना त्यांनी ओट्याशी कामाला हात घातला. आणि खोटं कशाला बोला, निम्मं काम त्यांनी झकास केलं. बोल्ट सोडवून चाकाच्या डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर बाहेर काढला. जुने पॅड पार झिजून पत्र्याला आले होते. कॅलिपरवर काळी भुकटी बसली होती, ती साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या ब्रशने घासून काढली. ब्रश बायकोचा होता, हे नंतर कळलं. म्हणजे तिला नंतर कळलं. पिस्टन हळूच मागे सारला, नवे पॅड बसवले, लिव्हर कडक होईपर्यंत दाबली. मग ऐटीत चाक फिरवलं.

सुर्र, सुर्र. पॅड डिस्कला जरासा घासत होता. कुठलाही शहाणा माणूस इथेच हात धुऊन आत गेला असता. मास्तरांचे हात मात्र शिवशिवायला लागले. एकच थेंब! डिस्कच्या या बाजूला. मग त्या बाजूला का नको? चाक फिरवलं तर चिडीचूप. आपल्याच हुशारीने मास्तरांचे डोळे पाणावले.

मुलगी उठली. "पेट्रोल भरून येते," म्हणून हेल्मेट घालायला लागली. तेवढ्यात बायको ओट्यावर आली, तिचा पाय सर्रकन सरकला आणि तिने भिंत धरली.

"अहो, काय सांडलंय इथे? पाय ठरेना!"

"काही नाही गं, एकच थें..." मास्तरांनी बायकोच्या पायाकडे पाहिलं. तेलावर हिचा पाय ठरत नाही, तर पॅड काय डोंबल ठरणार!

गाडी सुरू झाली होती. मास्तर एका पायात चप्पल घालून धावले आणि फाटकात दोन्ही हात पसरून उभे राहिले. मुलीने ब्रेक दाबला. गाडी आपली संथपणे पुढे येतच राहिली. मागचा ब्रेक सुचलाच नाही, तिने घाबरून दोन्ही पाय टेकले, तरी चाक मास्तरांच्या गुडघ्याला भिडलंच आणि ते कुंड्यांमध्ये जाऊन बसले.

"बाबा! ब्रेकच लागत नाहीये!"

"ठाऊक आहे. मी डिस्कला तेल घातलंय."

"ब्रेकला? तेल?"

"दुकानात ब्रेक ऑइल विकतात की..."

"ते आत नळीत असतं, बाबा!" ती खालीच बसली. "मी आत्ता उतारावर असते."

त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. "गॅरेजवाल्याला बोलाव," ते कसेबसे म्हणाले. "माझ्या हाती नको."

तिने हेल्मेट काढून ठेवलं. मग म्हणाली, "त्याच्याकडून चुकलं असतं तर तो असा धावत आला नसता. तुम्हीच बसवा. फक्त डबी आधी इकडे द्या."

मास्तरांनी निमूटपणे डबी दिली. तेल प्यालेले पॅड टाकून दिले. मुलीने दुसरे आणले. डिस्क स्पिरिटने पुसपुसून कोरडी केली, आणि प्रत्येक बोल्ट आवळताना मास्तर तिच्याकडे बघून घेत होते. मग तिने गल्लीत हळूहळू दोनचार फेऱ्या मारून ब्रेक दाबून पाहिला, आणि टोकाला जाऊन गाडी वळवली.

मास्तर गल्लीच्या मधोमध उभे होते.

"बाजूला व्हा!"

"नाही होणार. ब्रेक मी बसवलाय."

"बाबा, वेडेपणा करू नका!"

"ये तू!"

ती आली. मास्तरांनी डोळे गच्च मिटले. ब्रेक कर्रकन किंचाळला, आणि सगळं शांत झालं. डोळे उघडले तर चाक त्यांच्या गुडघ्याच्या चांगलं अलीकडे थांबलं होतं.

"आवाज येतोय, बाबा."

मास्तरांचा हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"येऊ दे," ते म्हणाले.