घाटावरचा लांबलेला वेळ

परवा टाकी धुताना शेवाळाचा वास आला आणि नरसिंहपूरचा घाट आठवला. मी लहान असताना तिथं आईचा पाय घसरला. ती पाण्याखाली गेली, वर आली, पुन्हा गेली. तिचे पसरलेले केस, हिरव्या बांगड्या अजून दिसतात. माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, तिला ओढून काढलं.

"तात्या, किती वेळ लावला!" मी रडत म्हणाले.

"न्हाय गं पोरी, पापणी लवायच्या आत काढली की!"

माझी डॉक्टर मुलगी सांगते, भीतीनं मेंदूत रसायनं उसळतात, बारीकसारीकही कोरलं जातं. म्हणून तो वेळ लांबलेला वाटतो.

आई त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. आमच्या काटेवाडीच्या घरात रोज सकाळी मला गरम भाकरी वाढायची. त्या सुखातली एकही सकाळ मला इतकी नीट आठवत नाही.