एकेचाळिसावी दुरुस्ती

पॅचवाले काकाजी संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या पानावर कधीच विश्वास ठेवत नसत. दुरुस्ती बसवण्याआधी ते एक पान छापत, बसवल्यावर तेच पान पुन्हा छापत, आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला टेकवत. मग उजेडात बघायचं, एखादी ओळ केसभर तरी सरकली का. पान ठरलेलं असे. त्यात दोन रकाने, एक तक्ता, एक तळटीप आणि जोडाक्षरांचा नुसता चिवडा. गोंदियातल्या माझ्या टायपिंग-छपाईच्या दुकानाला खिडकी एकच, आणि तिच्याखाली गिऱ्हाइकांचं बाकडं. काकाजी आले की बसलेल्या माणसाला खुशाल उठवून स्वतः बाकड्यावर चढत. "पडद्याचं काय घेऊन बसली बाई," म्हणत, "तो आपल्याले पायजे ते दाखवते. कागदाले इचार."

ज्यांचा आमच्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मराठी पुस्तकं, अहवाल, पत्रिका जुळवण्याचं एक सॉफ्टवेअर आमच्या भागातल्या बहुतेक छापखान्यांनी फार वर्षांपूर्वी घेतलं होतं. ते बनवणारी नागपूरची लहानशी कंपनी पुढे बंद पडली. सॉफ्टवेअर मात्र आमच्या गळ्यात राहिलं, कारण सगळा जुना मजकूर त्यातच अडकलेला. नवा प्रिंटर आला की पान सरके, नवा संगणक घेतला की तक्ता फाटे. ही दुखणी काकाजी कामठ्याला आपल्या घरी बसून शोधत, त्यावर इलाज करणारी छोटी फाइल तयार करत, तिला क्रमांक देत, सीडीवर उतरवत आणि एसटीनं गोंदिया, गोरेगाव, आमगाव असे दुकानोदुकानी फिरून वाटत. तीच फाइल म्हणजे पॅच. काकाजी तिला दुरुस्ती म्हणत, पण नाव पडलं ते पडलंच.

हे सगळं फुकट. आणि आमच्याकडे फुकटची वस्तू माणूस आधी संशयानं बघतो, मग घेतो. काकाजींच्या मागे दुकानांमध्ये तर्क चालत. कुणी म्हणे, त्या सीडीतून हा आपला मजकूर चोरून नेतो. कुणी म्हणे, ग्रामपंचायतीला उभं राहायचं असेल. तिसरं मत असं होतं की बिघाड हाच घालतो आणि हाच काढतो, म्हणजे आपल्याला त्याची गरज वाटत राहते. मी या तिसऱ्या मताची होते. पोटात ठेवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून एकदा तोंडावरच विचारलं, "काकाजी, तुम्हाला यातून मिळतं काय?"

"तुले काय वाटते?"

"काहीतरी मिळतच असेल."

"मंग तसंच समज," ते म्हणाले, आणि चक्क खूश झाले. "इचारल्याबिगर घेते ना, त्या मानसाची मले जास्त भीती वाटते."

पेन ड्राइव्हला ते बोटसुद्धा लावत नसत. "धर्मशाळा हाय ती. कोन येऊन झोपून गेला मालूम नाई पडत." सीडी एकदा लिहिली की तिच्यात कुणाला फेरफार करता येत नाही, म्हणून सीडीच. आता दुकानातल्या संगणकांना सीडीचं तोंडच उरलं नव्हतं, तर हे पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळून स्वतःचा सीडी ड्राइव्ह घेऊन फिरत. इंटरनेटवरून पाठवा म्हटलं की असे बघत, जणू मी त्यांना घराची किल्ली रस्त्यावर ठेवायला सांगितलं.

सॉफ्टवेअरबरोबर कंपनीनं एक जाडजूड माहितीपुस्तक दिलं होतं. त्यातही चुका होत्याच. काकाजी प्रत्येक दुरुस्तीबरोबर छापलेल्या पट्ट्या आणत आणि आमच्या प्रतींमध्ये चुकीच्या ओळींवर स्वतः चिकटवत. पण डिंक फक्त एका कडेला. पट्टी उचलली की खालची चुकीची ओळ वाचता यायला हवी. मी एकदा वैतागून पूर्ण चिकटवायला घेतली, तर हातातून डिंकाची बाटली काढून घेतली. "झाकाची नाई. उद्या माहीच पट्टी चुकली तं? खालचं कसं वाचशीन?" माझ्या त्या पुस्तकाला इतकी पिसं फुटली होती की ते मिटत नसे.

फाइलसुद्धा ते उघडी ठेवत. कुणीही उघडावी, वाचावी, पाहिजे तर बदलावी. अट एकच, आणि ती दर वेळी दारातून निघताना सांगत. "हात लावाले मनाई नाई. पन हात लावला तं फाइलीचं नाव बदलव. माह्या नावाच्या फाइलीत माहाच हात पायजे. नाई तं बिघडल्यावर कोनाले धरशीन?" मी मान हलवत असे. आपण मान किती सहज हलवतो.

एकेचाळिसावी दुरुस्ती लांबलचक तक्त्यांची होती. तक्ता एका पानावर मावला नाही तर तो कुठे तोडायचा, हे ती ठरवत असे. काम चोख करी, पण पानाच्या तळाशी दोन बोटं जागा कोरी सोडी. माझ्याकडे एका संस्थेचा वार्षिक अहवाल होता. तिथले सचिव प्रत्येक पानावर बोट ठेवून "ही जागा कायले सोडली?" विचारत राहिले. शेवटी मी फाइल उघडली. एक आकडा कोऱ्या जागेचाच आहे असं दिसलं. तो कमी केला. जागा भरली, सचिव गप्प झाले, आणि मला माझ्या हुशारीचं असं काही कौतुक वाटलं की दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले. नाव बदलायचं तर ते आणखी दोन ठिकाणी बदलावं लागतं. नाव बदलायचं राहून गेलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. राहून गेलं नव्हतं. मी कंटाळा केला होता.

त्याच सुमारास गोरेगावच्या एका प्रेसवाल्याचा संगणक बसला. हातात घाईचं काम, एका समाजाच्या मेळाव्याची वधू-वर परिचय पुस्तिका. काकाजींची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून तो माझ्याकडे आला आणि सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन गेला. त्यात एकेचाळीस नंबरचीही होती, माझा हात लागलेली. माझ्या अहवालातल्या ओळी बारीक होत्या, म्हणून ते निभावलं होतं. त्याच्या तक्त्यात प्रत्येक नावासोबत फोटो. पानावरची शेवटची ओळ खाली सरकली आणि कागदाबाहेर गेली. छापलेली पानं देखणी दिसत होती. गोळा झालेल्या अर्जांशी नावं कुणी मोजून पाहिली नाहीत.

मेळाव्यात प्रत्येक पानावरचा शेवटचा उमेदवार गायब. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील प्रेसमध्ये आले. भांडले नाहीत. पुस्तिका टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "पोरगी नवी साडी नेसून दिवसभर मांडवात बसून होती. तिचं नाव कोनीच नाई घेतलं." प्रेसवाल्यानं उत्तर दिलं, "पॅचवाल्या काकाजीची फाइल खराब निघाली."

दुपारच्या आत ही गोष्ट गोंदियात पोचली, आणि लोकांना कोण आनंद! आम्ही म्हणतच होतो. फुकट देतो म्हटल्यावर असंच होणार. मला ऐकताक्षणी समजलं, कुठे काय झालं ते. आयुष्यभर मी जगावर संशय घेत आले, पण स्वतःवर घ्यायची सवय नव्हती, आणि तोंड उघडायचं धैर्य तर अजिबात नव्हतं. मी गप्प बसले. एक दिवस नाही, तीन आठवडे.

मग सगळ्या दुकानांत टपालानं एक पत्रक आलं. "दुरुस्ती क्रमांक ४१ मागे घेत आहे. दोष कुठे आहे ते मला सापडलेलं नाही. सापडेपर्यंत तो माझाच समजावा. सीडी परत कराव्यात." शेजारचा झेरॉक्सवाला ते वाचून म्हणाला, "लो, कबूल कर लिया." मी दुकानाचं शटर ओढलं आणि कामठ्याची गाडी धरली.

दारात काकीजी भेटल्या. मी कोण हे सांगितल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं आली बाई. तीन हप्ते झाले, धड जेवून नाई राहिले. म्हन्तेत, माह्यातच चूक हाय नं मले दिसून नाई राहिली." आत जमिनीवर कागदच कागद. पहिल्या दुरुस्तीपासूनची सगळी पानं पुन्हा छापून काकाजी खिडकीशी उभे होते. गालफडं बसली होती. जो माणूस कुणावर विश्वास ठेवत नव्हता, त्याचा आता स्वतःवरचाही उडाला होता, आणि तो मी उडवला होता.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "फाइल आनली?" विचारलं. मी पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला. त्यांची फाइल घालून फोटोंचं एक पान काढलं, माझी घालून तेच पान काढलं, आणि दोन्ही कागद काचेला लावले. त्यांच्या पानावर तळाशी एक ओळ होती. माझ्या पानावर नव्हती. काकाजी खाली बसले.

"माही नोती," ते काकीजींना म्हणाले. मग पुन्हा, "माही नोती वो." नंतर माझ्याकडे वळले. "कंटारा केला?"

"हो, काकाजी."

"कंटाराच असन. बदमाशी असती तं तू सांगाले आली नसती."

मी रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि त्यांनी रागावावं अशी इच्छा होती, ते रागावले नाहीत म्हणून जास्त रडले. काकीजी पाणी घेऊन आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "याइनंच तं गावोगाव फिरून इकलं होतं हे साफ्टवेअर साऱ्याइले. कंपनीची नौकरी होती. कंपनी बुडाली तसा मालक परागंदा झाला. हे म्हने, लोकाइनं माह्या तोंडाकडे पाहून घेतलं." काकाजींना यातून काय मिळतं, याचं उत्तर मला असं काकीजींकडून मिळालं.

नवं पत्रक काढायचं ठरलं. काकाजींनी पेन माझ्या हातात दिलं. "तूच लिव. मी लिवलं तं म्हन्तीन, दुसऱ्यावर ढकलून राहिला." मी लिहिलं, नावानिशी. मग ते घेऊन मी स्वतः दुकानोदुकानी फिरले, शेवटी गोरेगावला गेले. प्रेसवाल्यानं चहा मागवला, पत्रक वाचलं, घडी करून मला परत दिलं आणि हसून म्हणाला, "मॅडमजी, तुमचं मन मोठं हाय. बुढ्याले वाचवून राहिल्या. आमाले समजते ना."

सगळीकडे हेच. खरं सांगायला गेले, तर लोकांना मी खोटं बोलतेय असं वाटलं. कुणाला त्यात माझा मोठेपणा दिसला, कुणाला काकाजींचं आणि माझं काहीतरी साटंलोटं दिसलं. चूक माझी होती, एवढं सरळ कुणालाच घेता आलं नाही. मी कामठ्याला जाऊन सांगितलं तेव्हा काकाजी हसले. "नाई मानत तं नाई मानत. मी तरी कोठी मानतो कोनाचं?" हसले खरे, पण त्यांची फेरी बंद पडली. दुकानं एकेक करून त्यांना दारातूनच नको म्हणू लागली.

बेचाळीस नंबरची दुरुस्ती त्यांनी तरीही केली. त्यात कोरी जागा सुटत नव्हती आणि ओळही पडत नव्हती. ती घेऊन ते फक्त माझ्याकडे आले. बाकड्यावर चढताना आता भिंतीचा आधार घ्यावा लागला. "एका दुकानासाठी कशाला एवढा त्रास?" मी म्हटलं. म्हणाले, "एक असो का पन्नास, पान सरकाले नाई पायजे." जाताना बजावून गेले, "मी तपासली हाय. तू बी तपासजो. माह्यावर जाऊ नको."

मागच्या हिवाळ्यात, धान घरात आल्यावर थोड्याच दिवसांनी ते गेले. तेरवीला मी कामठ्याला होते. अंगणात पंगत बसली होती. गोरेगावचा प्रेसवालाही आला होता, हे पाहून मला नवल वाटलं. जेवण झाल्यावर हात पुसत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडमजी, ते बेचाळीस नंबर तुमच्याकडे असन ना? तक्ता फुटून राहिला आमच्याकडे. कोनाकडूनच जमून नाई राहिलं."

"आहे," मी म्हटलं. "देते. आधी सांगा, त्या पुस्तिकेतली चूक कोणाची होती?"

त्यानं इकडेतिकडे बघितलं. "तुमची," पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा."

पंगतीतल्या माणसांनी माना वर केल्या. तो लाल झाला. "मॅडमची होती," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "काकाजीची नोती."

त्याला ते पटलं होतं की फाइल पाहिजे होती म्हणून तो बोलला, याबद्दल मला आजही शंका आहे. पण आतल्या दाराशी काकीजी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं.