फुकट एडिटरचं एकमेव गिऱ्हाईक

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये कोडपेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमचा कोड तर कोणी वाचत नाही, म्हणून निदान किस्से तरी ऐका!

आम्ही तिघं: मुक्ता, परेश आणि मी. नोकऱ्या आयटीत, आणि दर रविवारी सकाळी कर्वेनगरला मुक्ताच्या घरी बसून एका जुन्या कॉम्प्युटर गेमसाठी नकाशे बनवायचा एडिटर लिहितो. फरशा बसवतात तसे चौकोन शेजारी शेजारी ठेवायचे: गवत, पाणी, भिंत. झाला नकाशा. एडिटर फुकट, कोड सगळ्यांना खुला. आमची इच्छा एकच, की आमच्याखेरीज कोणीतरी एकाने तो वापरावा!

*

'अनडू', म्हणजे केलेली चूक मागे घ्यायचं बटण, मी लिहिलं. परेशने एक झाड चुकीच्या जागी लावलं, अनडू दाबलं, आणि झाडाबरोबर डोंगर, नदी, गाव, सगळंच गेलं. सकाळभराचं काम!

मी म्हटलं, "मागे जातंय ना? मग झालं तर!"

परेश शांतपणे म्हणाला, "जरा जास्तच मागे गेलं. पृथ्वी व्हायच्या आधी."

*

नमुना म्हणून मी मंडईचा नकाशा केला. गाळे, भाजीचे ढीग, मधली वाट, सगळं हौसेनं. फक्त 'इथून चालता येतं' ही खूण वाटेवर करायच्या ऐवजी ढिगांवर केली. आमचा शूर हीरो वाट सोडून टोमॅटोवरून चालत सुटला!

मुक्ता म्हणाली, "खऱ्या मंडईत हा दुसरं पाऊल टाकून दाखवू दे."

*

आणि एक दिवस कोणा अनोळखी माणसाने बग, म्हणजे आमच्या एडिटरातली एक चूक, नोंदवला. आम्हाला कोण आनंद! मी पेढे आणले. त्या माणसाला इतकं प्रेमळ उत्तर लिहिलं की तसं मी बायकोलाही कधी लिहिलेलं नाही.

पेढा खाता खाता परेश म्हणाला, "मुक्ता, तू का हसतेयस?"

बग तिनेच दुसऱ्या नावानं नोंदवला होता. "तुम्ही दोघं फार उदास दिसत होतात रे!"

पेढे संपवले. पण खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

*

मुक्ताची आई, म्हणजे आमच्या काकू, दोसुतीच्या कापडावर घरं मोजून भरतकाम करतात. एकदा आमच्या मागे उभ्या राहून सहज म्हणाल्या, "तुमच्या एडिटरात ते आरशाचं बटण दाबलं, की मधली ओळ दोनदा येते बरं का."

आम्ही गर्रकन वळलो. काकू गेले काही दिवस आमच्या एडिटरात चक्क भरतकामासाठी मोर काढत होत्या! पाण्याच्या चौकोनांचा निळा मोर. एक काढायचा, आरशाचं बटण दाबायचं, की समोरासमोर दोन.

खरा बग! खरा वापरकर्ता! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तिथल्या तिथे बग दुरुस्त करून दिला.

पुढच्या रविवारी काकूंनी टेबलक्लॉथ आमच्यासमोर पसरला. "हे दोन कोपरे आधीचे. आणि हा तिसरा, तुमच्या दुरुस्तीनंतरचा. अरुंद आलाय."

मी अभिमानानं म्हटलं, "काकू, आता तोच बरोबर आहे."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"असेल. पण माझे दोन कोपरे भरून झालेत. ती चूक परत घालून द्या, मग चहा टाकते."