आत्यानं न धुतलेला चिखल

चुन्यानं नुकत्याच पांढऱ्या केलेल्या भिंतीपुढे स्टुलावर उभी असलेली आत्या, पदर कमरेला खोचलेला, गालावर हिरव्या रंगाचा ओघळ — बालपण आठवलं की आधी हेच दिसतं. घाटकोपरच्या डोंगरउतारावर आमची वस्ती, वस्तीत एक लहानसं विहार. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या आत्यानं एका उन्हाळ्यात त्याच्या भिंतीवर बुद्ध रंगवले... पिंपळाखाली बसलेले, उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकवलेले. त्या दुपारांना डिंकाचा, गेरूचा आणि तापलेल्या पत्र्यांचा मिळून एक वास होता.

त्याआधी तिनं मला बोरिवलीला कान्हेरीची लेणी दाखवायला नेलं होतं. मूर्तींपेक्षा जास्त वेळ ती कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशीच रेंगाळली. म्हणाली, "बघ गं, या भिक्खूंनी पावसाला राहायला जागा दिली होती."

आमच्या डोंगरावर तशी जागा उरली नव्हती. झाडं गेली, नाला बुजला, उन्हाळे भाजू लागले. आणि चित्र रंगवलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी डोंगराची लाल माती घेऊन पाणी थेट विहारात शिरलं. ओसरलं तेव्हा बुद्धांच्या मांडीपर्यंत चिखल होता, जमिनीला टेकलेली ती बोटं दिसेनाशी झाली होती. मी रडूच लागले.

विहाराची देखरेख करणारे दामूकाका बादली घेऊन धावले, आत्याला म्हणाले, "सुमन, चल, धुऊन काढू. तथागतांच्या अंगावर चिखल बरा दिसतो का?"

"राहू दे ना काका," आत्या म्हणाली. "बोटं टेकवून त्यांनी भूमीला साक्षीला बोलावलं होतं, ती आली. तिचं म्हणणं ऐकायला नको?"

काका वैतागले, बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आत्यानं मात्र वाळलेल्या चिखलावर डिंकाचं पाणी मारलं आणि बारीक कुंचल्यानं त्यात पुरानं नेलेलं सगळं रंगवलं — बेडूक, खेकडे, कुणाची परडी, कोंबडीची पिल्लं, उन्मळलेला शेवगा...

पुढच्या बुद्धपौर्णिमेला काका त्या चित्रापाशी वाकले. "हा माझ्या दारातला शेवगा ना गं?"

आत्यानं मान डोलावली. काकांनी मेणबत्ती तिथेच, खाली, शेवग्यापाशी लावली.

पुढे वस्ती पाडून टॉवर उभे राहिले, ती भिंतही गेली. नव्या विहारात संगमरवरी मूर्ती आहे, सुंदर, थंडगार. आत्या आता माझ्याजवळ असते, नवव्या मजल्यावर; डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. पाऊस कोसळू लागला की गॅलरीतल्या खुर्चीतून हळूच विचारते, "खाली पाणी कुठवर आलं गं?"

मी वाकून बघते, आणि खरं तेच सांगते.