जानूच्या टेम्पोची चासी

आनंदीबाई परुळेकरांनी एकवीस वर्षं एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. रंगवलेल्या लोखंडी पट्ट्या मिठाच्या फवाऱ्यात ठेवायच्या आणि कुठला रंग किती दिवस तग धरतो ते टिपून ठेवायचं, हे त्यांचं काम. कंपनी गुजरातला हलली तेव्हा त्या गेल्या नाहीत. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत घर होतं, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांनी जवळच हाटकेशला गाळा घेतला आणि गाड्यांच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, गंज लागू नये म्हणून कोटिंग करून द्यायला लागल्या.

पहिल्याच वर्षी एका टँकरवाल्याच्या घाईपायी त्यांनी गंजावरच काळं रबर कोटिंग मारून दिलं. चार महिन्यांनी भर रस्त्यात चासी मोडली, ड्रायव्हरचा पाय गेला. त्यांना कुणी दोष दिला नाही. पण त्यानंतर चासी ठोकून बघितल्याशिवाय त्यांनी रंगाचा डबा उघडला नाही.

गेल्या जानेवारीत, एका मंगळवारी, किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचा जानू आपला टेम्पो घेऊन आला. रोज सकाळी तो भाईंदरच्या बाजारात मासळी पोचवायचा. शेजारी बायको हेमाली, मागे मासळीच्या पाट्यांबरोबर गावातल्या तीन बाया. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं चासीवर गळत आलेलं.

"शुक्रवारी आरटीओत पासिंग हाय," जानू म्हणाला. "खालना काला मारून दे, बाय. दोन तासांत व्हईल."

आनंदीबाई गाडीखालच्या तपासणीच्या खड्ड्यात उतरल्या. मागच्या चाकापाशी हातोडी मारली तर आवाज टणक आला नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला.

"जानूदादा, इथे लोखंड उरलेलंच नाही. आधी कापून नवीन जोडायला लागेल. आठ दिवस तरी जातील."

"आठ दिवस मासली थांबल काय?"

"मी गंजावर मारणार नाही."

"मंग दुसरा मारल," असं म्हणून जानूने टेम्पो बाहेर काढला.

दिवसभर त्यांचं कामात लक्ष लागलं नाही. चार बाया रोज त्या टेम्पोत बसतात, हे डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने त्या डोंगरीला पोचल्या तेव्हा पाट्या चढवून झाल्या होत्या. टेम्पो चालू होता आणि त्याची चासी नव्या काळ्या रंगात चकचकत होती.

"थांबा, बसू नका," त्या बायांना म्हणाल्या आणि हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरळ टेम्पोखाली शिरल्या.

"बाय, भायेर ये. उशीर होतंय," जानू सीटवरून म्हणाला.

"इंजिन बंद करा आधी."

त्याने केलं नाही. आनंदीबाईंच्या डोक्यापासून चाक वीतभर अंतरावर होतं. मग हेमालीने हात पुढे करून चावीच काढून घेतली.

आनंदीबाईंनी स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला. रबराची कातडी आधी ताणली, मग फाटली, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आल्यावर त्यांनी ओल्या गंजाचा लगदा हेमालीच्या हातावर ठेवला.

हेमालीने तो नवऱ्याला दाखवला. "यावर बसवत व्हतास आमाला?"

जानू खाली उतरून टायरला टेकून बसला. लगद्याकडे बघत म्हणाला, "दिसत न्हाय म्हंजी गंज गेला, असं वाटलं मना."

त्या दिवशी मासळी रिक्षाने गेली. पासिंगची तारीख पुढे ढकलून टेम्पो हाटकेशला आला. वेल्डरने सडलेले तुकडे कापून नवीन जोडले. जानूला आता पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून चढवायचं कोटिंग, हवं होतं, कुणीतरी त्याला ते सगळ्यात भक्कम म्हणून सांगितलं होतं.

"भक्कम आहेच," आनंदीबाई म्हणाल्या. "पण तुमची चासी आतून पोकळ आहे, तिथे ते पोचत नाही. आणि वर एक दगड लागून टवका उडाला की मीठ खालून सरकत जातं. आपण आधी झिंकचा, म्हणजे जस्ताचा, प्रायमर मारू. झिंक स्वतः झिजतं, पण लोखंडाला वाचवतं. त्यावर इपॉक्सी रंगाचे दोन हात आणि पोकळीत नळीने मेण."

वाळूच्या माऱ्याने चासी चांदीसारखी निघाली. आता चार तासांत प्रायमर बसायला हवा होता, नाहीतर नुसत्या हवेने पुन्हा तांबूस झाक चढली असती. आणि नेमका खाडीवरून दमट वारा सुटला. हवेतल्या ओलाव्याचं मीटर नव्वद टक्क्यांना टेकलं. ओलसर लोखंडावर मारलेला रंग धरत नाही. त्यांनी शटर ओढलं, हॅलोजनचे दिवे लावले आणि मीटरसमोर बसून राहिल्या. जानू घड्याळाकडे बघत होता. दोन तास झाले, तीन झाले. सव्वातीन तासांनी काटा ऐंशीच्या खाली आला आणि त्यांनी स्प्रे गन उचलली. शेवटची पट्टी झाली तेव्हा चार तासांना पाच मिनिटं बाकी होती.

टेम्पो पास झाला. पहिल्या फेरीला हेमालीने आग्रहाने त्यांना पुढे बसवलं. रस्ता खड्ड्यांचा, मागे पाट्या आदळत होत्या, बाया हसत होत्या. आनंदीबाई मात्र सीटची कड धरून, खालून चासी कुठे करकरते का, ते भाईंदर येईपर्यंत ऐकत होत्या.