साठ हात दोर

गेल्या महिन्यात, एका मंगळवारी, आत्या गेली. आपल्याला काय हवं हे तिच्याइतकं चोख ठाऊक असलेलं माणूस निलंग्यातच काय, लातूर-नांदेडात दुसरं नसेल.

तिच्या ओसरीच्या खांबाला जुन्या कॅलेंडरचं पान उलटं टांगलेलं असे. त्यावर तिला कुणी काय द्यावं याची यादी: अडकित्ता, कान झाकेल अशी शाल, बिनवासाचा साबण. लग्नाकार्यात मिळणाऱ्या खणांना ती विटली होती. एकदा हळदीचं बोट लागलेला हिरवा खण तिनं शेजारणीला दिला; तीन वर्षांनी तोच खण, तेच बोट घेऊन, चौथ्या घरून तिच्या ओटीत आला. "गाव फिरून दमला गं बिचारा," म्हणत तिनं तो पेटीत ठेवला आणि मला यादी लिहायला बसवलं. मी लातूरला शाळामास्तर. तिला अक्षरओळख नव्हती. ही उणीव तिनं कामाला लावली. पाहुणा टेकला की ती पाण्याचा तांब्या पुढे करी आणि म्हणे, "तेवढं वाचून दाखवा बरं. मला कुठं येतंय?" मग पाहुण्याला तिची मागणी आपल्याच तोंडानं मोठ्यानं वाचावी लागे. असं मागणं बरं दिसत नाही, असं मी एकदा म्हणालो. "मेल्यावर लुगडी आणून टाकणारच की तुम्ही," ती म्हणाली. "ते जित्तेपणी द्या, अन् लागंल ते द्या."

दुष्काळात यादी आटली. सगळं खोडायला लावून तिनं एकच गोष्ट ठेवली: दोर. तिच्या परसातल्या आडावर अख्खी गल्ली पाणी भरायची. पाणी खाली जाई तसा मी आकडा बदलत गेलो. तीस हात, चाळीस, पन्नास. जुन्या दोरांना गाठी मारून पाहिल्या, पण गाठी रहाटात अडकत. लोक म्हणाले, आड संपला. समोरच्या घरानं तर गाव सोडायला बोचकी बांधली. "आड न्हाई संपला, दोर संपलाय," आत्या म्हणाली आणि मला साठ लिहायला लावलं. त्याच आठवड्यात हदगावचे जावई जरीची साडी घेऊन आले. तिनं ती अंगाला लावून पाहिली, "लई छान हाय," म्हणाली, आणि विचारलं, "जावईबापू, हिला बादली बांधली तर तळाला पोचंल का?"

दोर मी आणला, तो नेमका लातूर जिल्हा झाला त्या दिवशी. बाजारात लोक गुलाल उधळत होते. वेटोळं खांद्यावर घेऊन एसटीत चढलो तेव्हा दोरही गुलाबी झाला होता. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, जिल्हा बांधून न्यायलाव का काय?" घरी येऊन मी आत्याला जिल्ह्याची बातमी सांगितली.

"बरं झालं. दोर किती हात हाय?"

"साठ."

बादली तिनं स्वतः सोडली. भोवती गल्ली उभी होती. पन्नास हात गेले. पंचावन्न गेले. मग खालून बादली बुडाल्याचा आवाज आला. पहिली बादली गढूळ होती, गुलालानं लालसरही. ती समोरच्या बाईच्या घागरीत ओतत आत्या म्हणाली, "निवळू दे. तवर बोचकी सोड."

त्यांनी सोडली. अजून ते समोरच राहतात.

तेराव्याला लुगडी आली, तिनं सांगितलं होतं तशीच. मी ती घडी न मोडता ठेवून दिली. खांबावरचं पान मात्र काढलं नाही. दोन वर्षं पाऊस बरा झाला आहे. दोर रहाटावर आहे. वीस हात पुरतो. उरलेला काठावर वेटोळं करून ठेवलेला असतो.